पंप चालू असताना सोळा बिट, बंद झाल्यावर पुन्हा बारा: सिलिंडर चाचणी बेंचवरच्या ओव्हरसॅम्पलिंगचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडर बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना. माल मुख्यतः टिपिंग ट्रॉलीचा आणि थोडा प्रेसचा. कामाचं प्रेशर १६० बार, म्हणून प्रत्येक सिलिंडरची चाचणी दीडपटीला, म्हणजे २४० बारला. पद्धत जुनी होती. पंपाने २४० बार चढवायचे, तीन मिनिटं पंप चालू ठेवायचा, मग व्हॉल्व्ह बंद, पंप बंद आणि दहा मिनिटं वाट बघायची. त्यात ५ बारपेक्षा जास्त उतरलं तर सील पुन्हा उघडायचं.

अशा तीन बेंच होत्या. तिन्हींवर एकच इलेक्ट्रॉनिक्स: ० ते ४०० बारचा, ४ ते २० मिलिअँपिअर देणारा प्रेशर ट्रान्समीटर, त्या प्रवाहाचं व्होल्टेज करणारा २०० ओहमचा बर्डन रेझिस्टर, त्यापुढे १० किलोओहम आणि १ मायक्रोफॅरडचा फिल्टर, मग एमसीपी३२०८ हा बारा बिटांचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा ० ते ४०९५ मधला आकडा करणारी चिप. त्याला एमसीपी१५४१ चा ४.०९६ व्होल्टचा संदर्भ (मोजणीचं आधार-व्होल्टेज). वाचणारा मायक्रोकंट्रोलर एसटीएम३२एफ१०३. हा आराखडा ज्याने केला त्याचा हिशेब स्वच्छ होता. एक काउंट, म्हणजे एडीसीच्या आकड्यातली एक पायरी, बरोबर १ मिलिव्होल्ट, ४ मिलिअँपिअरला ८०० काउंट, २० ला ४०००. मधल्या ३२०० काउंटांत ४०० बार, म्हणजे एका काउंटला ०.१२५ बार. २४० बारला आकडा येतो २७२०.

अडचण

गळीत हंगामाच्या तोंडावर ट्रॉलीवाल्यांची मागणी एकदम वाढते. तीन बेंच, सिलिंडरमागे तेरा मिनिटं आणि वर जोडणी-सोडणी. माल चाचणीलाच तुंबायला लागला. मालकांचं म्हणणं सरळ होतं: दहा मिनिटं थांबायचंच कशाला, एका मिनिटात उतार किती ते बघूया की.

कल्पना चूक नव्हती. दहा मिनिटांत ५ बार म्हणजे मिनिटाला ०.५ बार. पण ०.५ बार म्हणजे फक्त चार काउंट. मिनिटाच्या दोन्ही टोकांना एकेक काउंटची अनिश्चितता धरली तर पास-नापासाची रेघच धूसर होते. चांगला सिलिंडर आणि काठावरचा सिलिंडर वेगळे ओळखायचे तर मिनिटाला ०.०५ बारपर्यंतचा उतार दिसायला हवा होता. त्यासाठी किमान तीन, शक्यतो चार बिट जास्त लागत होते.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय एडीसीच बदलण्याचा. एडीएस१११५ सारखा सोळा बिटांचा एडीसी ±४.०९६ व्होल्टच्या रेंजला ०.१२५ मिलिव्होल्टची पायरी देतो, म्हणजे ०.०१६ बार. स्वस्त आहे आणि सगळीकडे मिळतो. आडकाठी एवढीच की बोर्ड तयार होते, त्यांवर लाखेचा थर दिलेला होता आणि तीन बेंचसाठी नवा बोर्ड काढून, भरून, तपासून घेईपर्यंत हंगाम उलटून गेला असता.

दुसरा पर्याय ऑप-अँपने "झूम" करण्याचा. २.७२ व्होल्टमधून एक स्थिर व्होल्टेज वजा करायचं आणि उरलेलं आठपट करायचं. कागदावर छान दिसतं. पण प्रेसचे सिलिंडर वेगळ्या प्रेशरला तपासले जातात, म्हणजे वजा करायचं व्होल्टेज दर वेळी बदलणार. त्यात ऑप-अँपचा आणि त्या व्होल्टेजचा तापमानाने होणारा सरकपणाही आठपट होऊन येणार. तो बाद झाला.

२५० बारचा ट्रान्समीटर लावावा अशीही सूचना आली. त्यातून मिळतं १.६ पट, एक बिटही नाही. आणि २४० बारला तो काठावर चालतो. यावर फार वेळ गेला नाही.

उरलं ओव्हरसॅम्पलिंग, म्हणजे एका वाचनासाठी पुष्कळ सॅम्पल (एडीसीची कच्ची वाचनं) घेऊन ते एकत्र करणं. नियम सर्वांना माहीत असतो: सॅम्पल चौपट केले की एक बिट वाढतो, म्हणून चार बिटांसाठी २५६ सॅम्पल. त्यांची बेरीज करायची आणि चार बिट उजवीकडे सरकवायची. हार्डवेअरला हात लावायचा नाही, फक्त प्रोग्रॅम बदलायचा. निर्णय याच बाजूने झाला आणि उपलब्ध वेळ पाहता तो योग्यच होता. चूक निवडीत नव्हती. या नियमामागे एक अट आहे, तिच्याकडे कुणी पाहिलं नाही ही खरी चूक. सॅम्पल एकमेकांपासून थोडे तरी हललेले असले पाहिजेत.

पहिली अंमलबजावणी

सॅम्पल घेण्याचा वेग विचारपूर्वक ठरवला होता. २५६ सॅम्पल बरोबर २० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला १२,८००. २० मिलिसेकंद हे ५० हर्ट्झचं एक पूर्ण आवर्तन. त्यामुळे लाईटचा गुणगुणाट आणि त्याच्या पटीतल्या वारंवारता बेरजेत आपोआप शून्य होतात. ग्रिडची वारंवारता ४९.९ झाली तरी गुणगुणाटाचा पाचशेवा हिस्सा उरतो, तो चालतो. ७२ मेगाहर्ट्झच्या टायमरला हा वेग ५६२५ ने भागून नेमका मिळतो. अशा दहा बेरजांची सरासरी घेऊन सेकंदाला पाच वाचनं.

प्रोग्रॅममध्ये मात्र दोन खड्डे निघाले. जुना प्रोग्रॅम सोळा सॅम्पलची सरासरी घेत होता आणि बेरजेला सोळा बिटांचा चल (व्हेरिएबल) वापरत होता. १६ × ४०९५ म्हणजे ६५,५२०. सोळा बिटांत जेमतेम मावतं. सॅम्पल २५६ केले, चल तसाच राहिला, आणि पडद्यावर भलतेच आकडे नाचायला लागले. हे लगेच सापडलं, कारण ते डोळ्यांना खुपत होतं. दुसरा खड्डा खुपणारा नव्हता. बेरजेला २५६ ने पूर्णांकी भागलं होतं. कमावलेले चारही बिट तिथेच गळून गेले आणि वाचन पूर्वीसारखंच बारा बिटांचं राहिलं. भागायचं होतं १६ ने. ओव्हरसॅम्पलिंग चालत नाही अशी तक्रार आली की सर्वांत आधी हीच ओळ तपासावी.

दोन्ही दुरुस्त झाल्यावर चाचणी घेतली. पंप चालू, प्रेशर २४० च्या आसपास, रिलीफ व्हॉल्व्ह हळूहळू फिरवला, आणि वाचन ०.०१ बारच्या पायऱ्यांनी गुळगुळीत सरकताना दिसलं. काम झालं असं समजून तिन्ही बेंचवर प्रोग्रॅम चढवला.

जिथे बिनसलं

दुसऱ्या दिवशी ऑपरेटरने दाखवलं की पंप बंद केला की आकडा "चिकटतो". होल्डच्या काळात वाचन पंधरा सेकंद जागेवर थांबायचं, मग एकदम ०.१२५ ने खाली यायचं, पुन्हा थांबायचं. मिनिटाला ०.५ बार उतार असेल तर एका काउंटला पंधरा सेकंदच लागतात. म्हणजे जिना जुनाच होता. फक्त प्रत्येक पायरीचा काठ थोडा गोलाई आल्यासारखा दिसत होता.

इथे पहिली प्रतिक्रिया अपेक्षित तीच झाली: सॅम्पल वाढवू, २५६ च्या जागी ४०९६ घेऊ. त्यावर अर्धा दिवस गेला. सगळे सॅम्पल २७२० आले तर त्यांची सरासरीही २७२०च येणार, मग ते दोनशे असोत नाहीतर दोन लाख.

कारण कळलं ते एक हजार कच्ची वाचनं काढून त्यांची मोजदाद केल्यावर. पंप बंद असताना हजारांतली सुमारे ९८८ एकाच काउंटवर होती. याचा अर्थ गोंगाटाचं (सिग्नलमधल्या बारीक हेलकाव्यांचं) आरएमएस मूल्य, म्हणजे त्यांचा सरासरी आकार, ०.२ काउंटच्या आसपास. पंप चालू असताना तीच वाचनं चार-पाच काउंटांवर पसरलेली. मोटर १४४० फेऱ्यांची, म्हणजे सेकंदाला २४. गिअर पंपाला दहा दाते. २४० हर्ट्झची लहर प्रेशरमध्ये होतीच. १६ हर्ट्झच्या फिल्टरने ती पंधरापट दाबली, तरी उरलेली लहर एडीसीला हलवायला पुरत होती. ओव्हरसॅम्पलिंग पंपाच्या उपकारावर चाललं होतं, आणि मोजायचं होतं नेमकं पंप बंद असताना.

किती गोंगाट पुरतो याचा ठोकताळा असा आहे. आरएमएस अर्धा काउंट असेल तर सरासरीत उरणारी पायरीची चूक ०.००२ काउंटइतकी नगण्य असते. ०.३ काउंट असेल तर ०.०५. ०.२ ला ती ०.१४ होते आणि ०.१ ला ०.२६, म्हणजे जवळजवळ पूर्ण जिना. बोर्ड चांगला आखलेला, ग्राउंड स्वच्छ, फिल्टर भक्कम, आणि त्यामुळेच ओव्हरसॅम्पलिंग फसलं. एरवी ज्या बोर्डाचं कौतुक केलं असतं तोच इथे आडवा आला.

दुसरा निर्णय: गोंगाट आणायचा कुठून

सोपा उपाय म्हणून फिल्टरचा १० किलोओहम काढून १ किलोओहम घातला. कापण्याची वारंवारता १६ वरून १५९ हर्ट्झवर गेली. फरक पडला, पण बेभरवशाचा. शेजारच्या शेडमध्ये फाउंड्रीची इंडक्शन भट्टी आहे. ती चालू असली की वाचन गुळगुळीत, बंद असली की पुन्हा जिना. सुटीच्या दिवशी काम काढलं तेव्हा हे उघडं पडलं. शेजाऱ्याच्या भट्टीवर आपल्या सिलिंडरचा निकाल अवलंबून ठेवणं कुणालाच पटलं नाही.

म्हणून ठरलं की हलवणं आपणच घालायचं, मोजून. याला डिथर म्हणतात. मायक्रोकंट्रोलरच्या एका मोकळ्या पायावरून (पिनवरून) चौकोनी लहर काढायची, मोठ्या रेझिस्टरमधून ती एडीसीच्या तोंडाशी असलेल्या १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर सोडायची. कपॅसिटर तिचा त्रिकोण करतो. त्रिकोणाची टोकापासून टोकापर्यंतची उंची पूर्ण काउंटांत असली पाहिजे: एक, दोन, तीन, कितीही, पण दीड नको. दीड काउंटच्या त्रिकोणाने ०.०७ काउंटची लाट शिल्लक राहते, दोनच्या त्रिकोणाने जवळपास शून्य. इथे दोन निवडले.

वारंवारता निवडताना मजेशीर चूक झाली. आधी ८०० हर्ट्झ घेतले, कारण १२,८०० ला ते सोळाने भाग जातात आणि टायमरचा हिशेब तोंडी होतो. पण त्यामुळे लहरीच्या प्रत्येक आवर्तनात त्याच त्या सोळा ठिकाणी सॅम्पल पडत होते. २५६ सॅम्पल घेऊनही वेगळ्या पातळ्या जेमतेम आठ, आणि वाचनात ०.०३ बारच्या नव्या पायऱ्या. हवी होती अशी वारंवारता की २० मिलिसेकंदांत पूर्ण आवर्तनं बसतील, पण त्यांची संख्या आणि २५६ यांच्यात सामाईक विभाजक नसेल. २५६ हा दोनाचा घात, म्हणजे कुठलाही विषम आकडा चालतो. पंधरा घेतला: ७५० हर्ट्झ. ७२ मेगाहर्ट्झला ९६,००० ने नेमका भाग जातो. आता २५६ सॅम्पल लहरीवरच्या २५६ वेगवेगळ्या ठिकाणी पडतात, आणि पंधरा पूर्ण आवर्तनांची बेरीज शून्य असल्याने डिथर स्वतः वाचनात उरत नाही. पायावरच्या लहरीला आणि सॅम्पलना एकच क्रिस्टल (चिपचं घड्याळ) असल्याने दोघांचा मेळ सुटत नाही.

रेझिस्टरचा हिशेब: कपॅसिटरला दिसणारा प्रतिरोध २०० आणि १००० मिळून १.२ किलोओहम, कालस्थिरांक १.२ मिलिसेकंद. ३.३ व्होल्टच्या चौकोनी लहरीपासून २ मिलिव्होल्टचा त्रिकोण हवा तर रेझिस्टर येतो सुमारे ५३५ किलोओहम. ४७० आणि ६८ किलोओहम सिरीजमध्ये लावून काम भागलं. त्यांच्या सिरीजमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही घातला. तो नसेल तर लहरीची १.६५ व्होल्टची सरासरी आत शिरते आणि वाचन प्रेशरनुसार ढळतं. १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर फिल्मचा घेतला, कारण सिरॅमिकची धारकता व्होल्टेजनुसार आणि तापमानानुसार बदलते आणि तिच्याबरोबर त्रिकोणाची उंचीही. फिल्मचा कपॅसिटर गावात मिळाला नाही, बंगळूरच्या एस.पी. रोडवरून रात्रीच्या बसने पार्सल आलं.

खातरजमा

या वेळी पंप लावलाच नाही. ट्रान्समीटर सोडवून त्या जागी लूप कॅलिब्रेटर (नेमका हवा तेवढा प्रवाह देणारं उपकरण) जोडला, १३.६०० मिलिअँपिअरवर. एक काउंट म्हणजे ५ मायक्रोअँपिअर, आणि कॅलिब्रेटरची सर्वांत लहान पायरी १ मायक्रोअँपिअर. म्हणजे एकेका पायरीला सोळा बिटांच्या वाचनात ३.२ ची वाढ दिसली पाहिजे. डिथर बंद असताना बहुतेक पायऱ्यांना आकडा जवळजवळ हलला नाही, एका पायरीला एकदम उडी मारली. डिथर चालू केल्यावर प्रत्येक पायरीला तीन किंवा चारची वाढ आली, आणि स्थिर प्रवाहाला वाचन एका आकड्याने वर-खाली, म्हणजे ±०.००८ बार.

दहा मिनिटांची ही तपासणी पहिल्या दिवशी केली असती तर मधला सगळा फेरा वाचला असता.

याच तपासणीत आणखी एक गोष्ट दिसली. पॅनल सुरू केल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात प्रवाह स्थिर असूनही वाचन सरकत होतं. बर्डन रेझिस्टर एक टक्क्याचा साधा मेटल फिल्म, अंशाला १०० पीपीएम (दशलक्षात शंभर भाग). २७२० काउंटांवर एका अंशाला ०.२७ काउंट, म्हणजे ०.०३४ बार. बारा बिटांत हे कधी दिसलंच नसतं. तो काढून ०.१ टक्क्याचा, २५ पीपीएमचा लावला. संदर्भाचा सरकपणा तसाच ठेवला आणि पॅनल अर्धा तास आधी चालू करायचा नियम घातला.

निष्पत्ती, आणि तेलाने घातलेली मर्यादा

बिट मिळाले. तरीही एका मिनिटात निकाल देणं जमलं नाही, आणि त्याचं कारण इलेक्ट्रॉनिक्समध्ये नाही. तेल २४० बारला दाबलं की सुमारे ३ अंशांनी तापतं. मग ती उष्णता सिलिंडरच्या भिंतीत जाते. कोंडलेल्या तेलाचं तापमान एका अंशाने उतरलं तर प्रेशर १० बारपर्यंत उतरू शकतं. म्हणजे मिनिटाला ०.०५ अंश थंड होणं आणि मिनिटाला ०.५ बारची गळती, दोन्ही आलेखावर सारखीच दिसतात. सिलिंडरऐवजी जाड भिंतीचा बंद ठोकळा जोडून पाहिला, त्यात गळायला काहीच नाही. तरी पहिल्या मिनिटात उतार दिसला आणि नंतर कमी होत गेला.

त्यातूनच मार्ग निघाला. थंड होण्याचा उतार मिनिटागणिक कमी होतो, गळतीचा जवळजवळ तसाच राहतो. आताची पद्धत अशी: दोन मिनिटं पंप चालू, व्हॉल्व्ह बंद, पंप बंद, पहिलं मिनिट सोडून द्यायचं, मग साठ सेकंदांचे लागोपाठ दोन तुकडे. प्रत्येक तुकड्यातल्या ३०० वाचनांतून लघुतम वर्ग पद्धतीने सरळ रेषा काढायची. दुसऱ्या तुकड्याचा उतार ०.५ बारच्या आत असेल तर पास. जास्त असेल, पण पहिल्याच्या निम्म्याखाली आला असेल, तर सिलिंडर बाजूला ठेवून पुन्हा तपासायचा. निम्म्याखाली आलाच नसेल तर सील उघडायचं. तेराऐवजी पाच मिनिटं. जुन्या बारा बिटांत हे दोन उतार एकमेकांपासून वेगळे काढताच आले नसते.

वेगळं काय करता आलं असतं

नवा बोर्ड काढायची मोकळीक असेल तर हा सगळा उद्योग करू नये. सिग्मा-डेल्टा पद्धतीचा एडीसी आतून हेच काम जास्त नेटकेपणाने करतो. एसटीएम३२ च्या एल४ किंवा जी४ मालिकेत ओव्हरसॅम्पलिंग हार्डवेअरमध्येच आहे, पण ते फक्त बेरीज करून देतं. सिग्नल निश्चल असेल तर तेही चिकटलेलाच आकडा देणार.

कच्च्या वाचनांची मोजदाद सॅम्पलची संख्या ठरवण्याआधी व्हायला हवी होती. चाचणीही ज्या अवस्थेत मोजायचं त्याच अवस्थेत, इथे पंप बंद करून, व्हायला हवी होती.

अहवालाच्या छपाईत एक दुरुस्ती उशिरा झाली. वाचन सोळा बिटांचं झाल्यावर प्रमाणपत्रावर २४०.०२३ बार असा आकडा छापून जाऊ लागला. ट्रान्समीटर पूर्ण पट्ट्याच्या ०.५ टक्के अचूकतेचा, म्हणजे ±२ बार. एडीसीची एकरेषीयताही (सगळ्या पायऱ्या सारख्या असणं) बारा बिटांचीच राहिली, ओव्हरसॅम्पलिंगने ती सुधारत नाही. बारीक दिसणं आणि बरोबर असणं यांतला फरक गिऱ्हाइकाने ओळखावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही. आता प्रेशर अर्ध्या बारपर्यंत छापतात आणि उतार ०.०१ पर्यंत.

डिथर बंद पडला तर कळावं म्हणून प्रोग्रॅममध्ये एक राखणदारही बसवला आहे. प्रत्येक २५६ सॅम्पलमधला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा पाहायचा. फरक दोनपेक्षा कमी असेल आणि सेकंदभर तसाच राहिला तर चाचणी थांबवायची. आधी अट होती की नव्वद टक्के सॅम्पल एकाच काउंटवर आले तर इशारा द्यायचा. पण प्रेशर दोन काउंटांच्या बरोबर सीमेवर असेल तर डिथर नसतानाही सॅम्पल निम्मे-निम्मे विभागले जातात आणि ती अट फसते. फरकाची अट तिथेही पकडते. तिसऱ्या बेंचवर ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचा टाका पंपाच्या थरथरीने सुटला, तेव्हा तो या अटीनेच पकडला. आता तिन्ही बोर्डांवर तो कपॅसिटर सिलिकॉनने चिकटवलेला आहे.